मेट्टूरची तारीख आणि व्हिस्टाचा उशीर

पापनाशम् हे तंजावर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. कुंभकोणम हाकेच्या अंतरावर, आणि चहूकडे कावेरीच्या फाट्यांवर पोसलेली भातशेती. या मुलखातले शेतीचे वर्ष एका तारखेला बांधलेले असते, ती म्हणजे १२ जून. त्या दिवशी मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडायचे, चार दिवसांत पाणी कल्लणैच्या बंधाऱ्याला पोचायचे, तिथून कालव्याकालव्यांत उतरायचे आणि कुरुवै भाताची लावणी सुरू व्हायची, असा जुना शिरस्ता आहे. पण शिरस्ता म्हणजे हमी नव्हे. २०११ साली दरवाजे ६ जूनलाच उघडले आणि पुढच्याच वर्षी १७ सप्टेंबरपर्यंत थांबावे लागले. २०१८ साली १९ जुलै उजाडला, २०१९ साली १३ ऑगस्ट. १२ जूनची तारीख पुन्हा साधली ती २०२० मध्ये. कुरुवै हे सुमारे साडेतीन महिन्यांचे पीक, म्हणजे दिवाळीच्या आसपास घरात येणारे. ते हुकले तर शेतकरी सांबा या पुढच्या हंगामाच्या भाताकडे वळतो, ते पोंगलच्या सुमारास हाती लागते. पाणी उशिरा येणार हे मे महिन्यात कळले तर बियाणे बदलता येते, मजूर पुढच्या महिन्यासाठी सांगून ठेवता येतात, कर्जाची मागणी त्या हिशेबाने करता येते. हेच वाफ्यात रोपे वीतभर उंच झाल्यावर कळले तर रोपेही जातात आणि हंगामही. ज्याच्या बांधावर बोअर आहे तो दोन्ही वेळा तरतो. उशीर तोच असतो, पण तो केव्हा कळला आणि हाताशी दुसरे काय होते, यावर कोण किती बुडणार ते ठरते.

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमला होणाऱ्या उशिराकडे याच नजरेने पाहावे, असे मला वाटते. २१ मार्च २००६ रोजी मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की विंडोज व्हिस्टा ही नवी प्रणाली घरगुती ग्राहकांना त्या वर्षाच्या नाताळात मिळणार नाही, जानेवारी २००७ उजाडेल. आपल्याकडे दुकानदाराला दिवाळी जशी, तसा अमेरिकेतल्या संगणक विक्रेत्यांना नाताळ. दिवाळीनंतर बाजारात आलेल्या दिवाळी अंकाचे काय होते, हे मराठी वाचकांना सांगायला नको. त्यामुळे संगणक बनवणाऱ्या कंपन्या आणि विक्रेते खवळले, दुसऱ्या दिवशी शेअर घसरला, आणि खुद्द कंपनीतल्या काहींनी वरिष्ठांना घरी पाठवा अशी मागणी केली. दोनच दिवसांत विंडोज विभागाची फेररचना जाहीर झाली. बहुतेकांचा राग एकाच गोष्टीवर होता: तारीख चुकली. माझ्या मते तो राग चुकीच्या जागी होता. तारीख पुढे गेली हे व्हिस्टाच्या गोष्टीतले सर्वांत समर्थनीय पाऊल होते. दोष होता तो उशीर कबूल करण्यात झालेल्या उशिराचा, एकाच गाठोड्यात सगळे बांधण्याचा, आणि तारीख गेल्यावरही हंगाम वाचवण्यासाठी केलेल्या लटपटीचा.

आधी उशीर का झाला ते पाहू. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. तिच्यामागून ‘लाँगहॉर्न’ (हीच पुढे व्हिस्टा झाली) या सांकेतिक नावाने एक छोटी आवृत्ती २००३ च्या सुमारास काढायची, असा मूळ बेत होता. पण बेत फुगत गेला. फाइली साठवण्याची नवी पद्धत, नवे चित्ररूप, नवी जोडणी असे सगळे एकाच प्रणालीत घालायचे ठरले. त्याच काळात घराला आग लागली. जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर आणि ऑगस्टमध्ये ब्लास्टर या संगणकी किड्यांनी जगभरची विंडोज यंत्रे जेरीस आणली. मग लाँगहॉर्नवर बसलेली कितीतरी माणसे उचलून एक्सपीची डागडुजी करायला लावली गेली आणि ऑगस्ट २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ निघाला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने मान्य केले की लाँगहॉर्न २००६ शिवाय येत नाही आणि फाइली साठवण्याची ती बहुचर्चित पद्धतही तिच्यात असणार नाही. आतली खबर त्याहून गंभीर होती. तोवर लिहिलेले बरेचसे काम बाजूला ठेवून सर्व्हर २००३ च्या पायावर पुन्हा उभारणी सुरू करावी लागली होती. म्हणजे २००४ चा तो निर्णय शहाणपणाचा होता, पण त्याआधी बराच काळ जगाला न साधणाऱ्या तारखा दाखवल्या जात होत्या. वाफ्यात रोपे वाढत होती आणि धरणात पाणी नव्हते.

असे पूर्वीही घडले होते. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टीम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. यंत्रे आली, पण त्यांची ऑपरेटिंग सिस्टीम रखडली. त्या कामाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली त्यावर पुस्तक लिहिले. मागे पडलेल्या कामावर आणखी माणसे घातली की ते आणखी मागे पडते, हा त्यांचा निष्कर्ष आजही या धंद्यात नियम म्हणून सांगितला जातो. नव्याला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो आणि बोलणाऱ्यांची संख्या वाढली की गैरसमजही वाढतात. ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाबतीत हे फार खरे आहे, कारण तिच्यात कोणताच भाग एकटा नसतो. छपाईची एक ओळ बदलली तरी जगातल्या हजारो प्रिंटरांपैकी कुठला तरी बंद पडतो. तेव्हा ‘एवढी मोठी कंपनी, एवढा पैसा, तरी वेळेत होत नाही?’ हा प्रश्न कानाला बरोबर वाटला तरी कामाच्या स्वभावाला धरून नाही.

आता मार्च २००६ नंतरचे पाहा, कारण खरे नुकसान तिथे झाले. तारीख गेली, पण नाताळ तर समोर होता. नवी विंडोज दोन महिन्यांवर आली असताना डिसेंबरात संगणक कोण घेणार? म्हणून एप्रिल २००६ पासून यंत्रांवर ‘विंडोज व्हिस्टा केपेबल’ असा स्टिकर लागू लागला: आज एक्सपीसकट घ्या, उद्या यावर व्हिस्टा चालेल. पण यातल्या कितीतरी यंत्रांवर चालणार होती ती सर्वांत खालची आवृत्ती. जिची जाहिरात होती ती काचेसारख्या खिडक्यांची सजावट त्या आवृत्तीत नव्हतीच. इंटेलची ९१५ ही स्वस्त चिपसंच मालिका नव्या चित्रप्रणालीच्या मूळ अटीत बसत नव्हती, म्हणून अटच सैल करण्यात आली. ज्या उत्पादकांनी मूळ अट मानून महागडे भाग घातले होते, त्यांना हे समजल्यावर त्यांनी रोष व्यक्त केला. २००७ मध्ये ग्राहकांनी सिएटलच्या न्यायालयात दावा लावला. २००८ साली कंपनीतला अंतर्गत पत्रव्यवहार उघड झाला, तेव्हा दिसले की आतल्याच वरिष्ठांना हा स्टिकर दिशाभूल करणारा वाटत होता. एकाने तर स्वतः घेतलेल्या महागड्या यंत्रावर ईमेलपलीकडे काही नीट होत नसल्याची तक्रार केली होती. पुढे २००९ मध्ये न्यायालयाने त्या दाव्याचा सामूहिक दर्जा काढून घेतला, त्यामुळे कायद्याने फारसे काही साधले नाही. पण कागद बोलले ते बोलले. ग्राहकाचा पैसा बुडाला तो उशिरामुळे नव्हे, उशीर झालाच नाही असे भासवण्यामुळे.

तुलनेसाठी त्याच मार्च २००६ मधले दुसरे उदाहरण हाताशी आहे. उबुंटू या लिनक्सच्या प्रणालीची आवृत्ती दर एप्रिल आणि ऑक्टोबरात निघते. २००६ ची आवृत्ती २० एप्रिलला ठरली होती. मार्चच्या मध्यावर प्रकल्पाचे प्रमुख मार्क शटलवर्थ यांनी ती सहा आठवडे पुढे न्यावी असा प्रस्ताव मांडला. आधी प्रस्ताव, मग चर्चा, मग निर्णय असा क्रम होता. कारण सांगितले: तपासणी, प्रमाणीकरण आणि भाषांतराचे काम नीट व्हायला वेळ हवा, कारण ही आवृत्ती डेस्कटॉपवर तीन आणि सर्व्हरवर पाच वर्षे सांभाळायची आहे. ती १ जूनला आली, आणि उबुंटूच्या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांची परंपरा तिच्यापासून सुरू झाली. लोक नाराज झाले नाहीत असे नाही. पण संताप उसळला नाही. उबुंटू फुकट होती म्हणून लोकांनी सोसले, हा आक्षेप येईल, आणि तो अंशतः खरा आहे. पण फुकट वस्तूच्या उशिरावरही माणसे कडाकडा भांडतात, याचा पुरावा त्याच वर्षी डेबियनने दिला. उबुंटूची आई म्हणावी अशी ही स्वयंसेवकांची प्रणाली. ‘तयार होईल तेव्हा’ हे तिचे धोरण. आधीची आवृत्ती जुलै २००२ ची आणि त्यानंतरची थेट जून २००५ ची, म्हणून पुढची तरी डिसेंबर २००६ मध्ये काढायचीच, या हेतूने काहींनी पैसे गोळा करून आवृत्तीची जबाबदारी असलेल्या दोघांना पूर्णवेळ मोबदला द्यायचे ठरवले. बाकीच्या बिनपगारी माणसांपैकी काहींना ते लागले, त्यांनी हात आखडता घेतला, आणि आवृत्ती शेवटी ८ एप्रिल २००७ ला आली. तारीख साधायला पैसा ओतला आणि ज्या विश्वासावर काम चालले होते त्यालाच धक्का बसला.

मग तारीखच नको का? हा माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. तारीख नसेल तर काम कधीच संपत नाही, आणि याला दाखलाही आहे. ग्नू प्रकल्पाने १९९० साली सुरू केलेला हर्ड हा गाभा इतक्या वर्षांनीही १.० या आकड्याला पोचलेला नाही. तारीख हवीच, पण तारीख आणि पदार्थांची यादी ही दोन्ही दगडावरची रेघ करून चालत नाही. उबुंटूने एरवी तारीख धरली आणि यादी सैल सोडली: जे तयार नसेल ते पुढच्या सहा महिन्यांच्या गाडीत. लाँगहॉर्नने यादी धरली आणि तारीखही धरली, आणि शेवटी दोन्ही सोडावी लागली. दुसरा आक्षेप पैशाचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या कित्येक संस्थात्मक ग्राहकांनी ‘सॉफ्टवेअर अ‍ॅशुरन्स’ नावाच्या तीन वर्षांच्या कराराखाली पुढच्या आवृत्तीचे पैसे आगाऊ मोजले होते. करार सरला आणि पदरात नवी विंडोज पडलीच नाही. त्यांचा राग मी रास्त मानते. ज्याने काळ मोजून पैसे घेतले त्याला काळाचा हिशेब द्यावाच लागेल. तिसरा आक्षेप असा की लवकर घोषणा करणे हीच चाल असते: ग्राहक वाट पाहत बसतो आणि प्रतिस्पर्ध्याचा माल पडून राहतो. पहिली विंडोज नोव्हेंबर १९८३ मध्ये जाहीर झाली आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये आली, तेव्हापासून हा संशय आहे. १९९५ साली न्यायाधीश स्टॅन्ले स्पोर्किन यांनी मायक्रोसॉफ्टबाबतचा तडजोडनामा नाकारताना याच प्रथेवर बोट ठेवले होते. वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला, तरी प्रश्न उरला. या आक्षेपाने माझे म्हणणे पडत नाही, उलट बळकट होते. इथेही दोष घोषणेतल्या खोटेपणाचा आहे.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र आपल्या भाषेच्या बाजूने येतो, आणि त्याला उत्तर देताना मला माझा मुद्दा थोडा हलवावा लागतो. मराठी आणि तमिळ या दोन्ही भाषा विंडोजमध्ये युनिकोडच्या वाटेने आल्या त्या विंडोज २००० बरोबर. देवनागरीसाठी मंगल आणि तमिळसाठी लता हे फाँट तिच्यात होते. ती प्रणालीही रखडलेलीच होती: आधी तिचे नाव एनटी ५.० होते, ऑक्टोबर १९९८ मध्ये बारसे बदलले आणि ती १७ फेब्रुवारी २००० ला आली. एक्सपीतही दोन्ही भाषा होत्या, पण कुलूपबंद. मराठी मजकूर उघडला की काना, मात्रा, वेलांट्या सुट्या पडायच्या, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची. उपाय असा: कंट्रोल पॅनेलमध्ये जा, ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडा, भाषांच्या पानावर गुंतागुंतीच्या लिप्यांसमोरच्या चौकोनात टिचकी मारा. मग यंत्र विंडोजची सीडी मागायचे. ज्याने असेंबल केलेला संगणक घेतला आणि दुकानातल्या मुलाकडून विंडोज मारून घेतली, त्याच्याकडे सीडी कुठून असणार? व्हिस्टात हा चौकोन गेला. मराठी, तमिळ आपोआप नीट दिसू लागल्या. म्हणजे लाँगहॉर्न २००३ ला आली असती तर मुंबईच्या आणि कुंभकोणमच्या वाचकाचे निदान तीन वर्षांचे हेलपाटे वाचले असते. तंजावर परिसरात तीन शतकांहून अधिक काळ वसलेल्या मराठी घरांना तर एकाच यंत्रावर दोन्ही लिप्या लागतात. तेव्हा उशीर निरुपद्रवी असतो असे मी म्हणूच शकत नाही.

पण हा उपद्रव कशाचा, हे नीट पाहिले पाहिजे. चौकोन उघडा ठेवायला नवी फाइलपद्धत लागत नव्हती, काचेच्या खिडक्या लागत नव्हत्या. सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल आपोआप चालू ठेवण्याचा निर्णय झाला, बंगाली आणि मल्याळमचीही भर पडली. त्याच पुडक्यात आपल्या भाषांचा चौकोन भरून पाठवता आला असता. सुरक्षेसाठी मधली गाडी सोडता येते, तर भाषेसाठीही सोडता येते. छोटी, तयार, गरजेची गोष्ट मोठ्या, कच्च्या गाठोड्याला बांधून ठेवली म्हणून आपण अडलो. मोडीचे याच्या उलट झाले. तंजावरच्या सरस्वती महालात मराठी राज्याचे मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, आणि मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती जून २०१४ मधल्या ७.० या आवृत्तीत. तीत मोडीबरोबर आणखी बावीस लिप्या आल्या. जे तयार झाले ते त्या वर्षी घेतले, बाकीच्यांनी पुढची गाडी पकडली. त्या पद्धतीत निदान एका लिपीचा उशीर दुसरीच्या गळ्यात पडत नाही.

बोअर असलेल्या शेतकऱ्याचे उदाहरण इथे पुन्हा उपयोगी पडते. १० जानेवारी २००७ रोजी, व्हिस्टा दुकानात येण्याच्या वीस दिवस आधी, सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्सची पहिली आवृत्ती काढली. ती डेबियनच्या पायावर उभी होती, काम चेन्नईत झाले होते, आणि भारतीय भाषा तिच्या पोटात होत्या. त्याच सुमारास तमिळनाडूच्या एल्कॉट या सरकारी महामंडळाने उमाशंकर या आयएएस अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने आपले संगणक लिनक्सवर नेले. व्हिस्टा रखडली म्हणून हे घडले असे मी म्हणणार नाही. किंमत आणि परवाना ही कारणे पुरेशी होती. पण दुसरी विहीर खणली गेली ती नेमकी गरजेच्या वेळी. सप्टेंबर २०११ मध्ये राज्याने विद्यार्थ्यांना फुकट लॅपटॉप द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांत विंडोजबरोबर बॉसही होती. व्हिस्टा आली तरी कार्यालयांनी एक्सपी सोडली नव्हती आणि तिचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ ला थांबणार होता. ही तारीख कंपनीने कित्येक वर्षे आधी सांगितली होती, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तमिळनाडू सरकारने आपल्या खात्यांना एक्सपीच्या जागी बॉस बसवायला सांगितले. राज्याच्या राजधानीपासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत कुणालाही नव्या विंडोजची वाट पाहत बसण्याची सक्ती उरली नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी एखादी प्रणाली लांबल्याची बातमी आली तर ‘किती दिवस?’ याच्या आधी तीन गोष्टी विचारा: हे त्यांना कधीपासून ठाऊक होते, जुनीचा सांभाळ कधीपर्यंत आहे, आणि जे तयार आहे ते आत्ता का देत नाहीत. आणि नवी प्रणाली चाचणीसाठी खुली झाली की बसून दोन शब्द टाइप करा: ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’. पहिला गुरूसाठी, दुसरा स्वयंपाक्यासाठी; पहिल्यात रफार डोक्यावर, दुसऱ्यात र आडवा होऊन य ला चिकटलेला. हा फरक हिंदीला लागत नाही, त्यामुळे मराठी माणसाने पाहिल्याशिवाय तो सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. चूक दिसली तर त्याच दिवशी कळवा. बॉस, डेबियन, उबुंटू यांच्याकडे चुका नोंदवायची सोय सर्वांना खुली आहे, आणि गंभीर नोंदी मिटल्याशिवाय डेबियनची आवृत्ती निघत नाही.